सावल्यांबद्दल हुकूम नव्हता

हुपरीकरसाहेबांनी पेंढा भरलेल्या वाघाच्या तोंडात तिसऱ्यांदा हात घातला आणि म्हणाले, "पळसुलेबाई, याचा एक दात हलतोय. उद्या त्या डच माणसासमोर पडला म्हणजे?"

मी म्हटलं, डच माणूस वाघ बघायला येत नाहीये, फुलं बघायला येतोय. साहेबांना ते पटलं नाही. इतक्या लांबून कुणी फुलं बघायला येतं यावर त्यांचा विश्वासच नव्हता. त्यांनी दाताला फेविकॉल लावायला सांगितलं आणि मंडपवाल्याकडून आलेला लाल गालिचा बघायला गेले. त्या गालिच्यावर आदल्या आठवड्यातल्या लग्नातले मठ्ठ्याचे डाग तसेच होते.

ही त्र्याऐंशी सालची गोष्ट. तळेगिरी संस्थान विलीन झाल्यावर राजवाड्याचं संग्रहालय झालं होतं. महाराजांनी जे जे मारलं आणि जे जे घातलं ते सगळं तिथे मांडून ठेवलेलं होतं. वाघ, सुसर, सतरा जोडे, अडतीस पगड्या. हुपरीकरसाहेब तिथले अभिरक्षक. त्याआधी ते भूजल खात्यात होते, म्हणून त्यांना खोलात जायची सवय असेल असं कुणी समजू नये. मी त्यांची साहाय्यक. वय एकोणतीस, मुंबईच्या कलाशाळेतून सुवर्णपदक घेऊन आलेली, आणि ते पदक मनातल्या मनात रोज पुसणारी.

त्या सगळ्या अडगळीत एक चित्र होतं. दिवाणखान्याच्या उत्तरेच्या भिंतीवर, सोनेरी चौकटीत. काळोख्या पार्श्वभूमीवर काचेची फुलदाणी, तिच्यात गुलाब, निळी आयरिस, आणि पांढऱ्या पाकळ्यांवर लाल रेघोट्या असलेली ट्यूलिप. गावातल्या बायका ट्यूलिपला कमळ समजून हात जोडायच्या. खाली पाटी होती, 'पुष्पपात्र, हॉलंड, सतरावे शतक'. कुण्या महाराजांनी ते विलायतेहून आणलं होतं.

हॉलंडमधल्या चित्रकारांची ही जुनी रीत. तिकडचे व्यापारी गब्बर झाले, तसा त्यांना फुलांचा नाद लागला, आणि फुलं टिकत नाहीत म्हणून ती रंगवून घ्यायचा. चित्रकारही हुशार. वसंतातलं ट्यूलिप आणि भर उन्हाळ्यातला गुलाब एकाच फुलदाणीत खोचायचे. एकेक फूल आपापल्या ऋतूत कागदावर उतरवून ठेवायचं आणि सवडीनं चित्रात घालायचं, म्हणजे जो गुच्छ जगात कधी नव्हता तो भिंतीवर आला. आणि या सगळ्या थाटात एक तरी फूल कोमेजलेलं हवं, एखादं पान किडीनं खाल्लेलं, खाली दगडी फळीवर गळून पडलेल्या पाकळ्या. सगळं नश्वर आहे याची ती आठवण. श्रीमंतांना मरणाची आठवणही चांगल्या चौकटीत लागते.

आमच्या चित्रात मात्र एकही फूल कोमेजलेलं नव्हतं. सगळी कशी आत्ता तोडून आणल्यासारखी. आणि फळीवर उजव्या अंगाला तीन छोट्या सावल्या होत्या, पाकळ्यांच्या आकाराच्या. पाकळ्या मात्र नव्हत्या. नुसत्या सावल्या.

एवढं सापडल्यावर सुवर्णपदक गप्प बसतंय होय? मी अठरा पानांचा लेख लिहिला. मथळा होता 'अनुपस्थित पाकळी'. त्यात मी सिद्ध केलं की या अनामिक डच चित्रकारानं मरण दाखवायचं नाकारून मरणाची फक्त सावली दाखवली, आणि असं करणारा त्या परंपरेतला तो एकटाच. लेख एका मोठ्या वार्षिकात आला, दिल्लीच्या परिसंवादात वाचला गेला, आणि तिथून हॉलंडला पोचला. तिथल्या एका मोठ्या प्रदर्शनाचे कर्ते डॉ. होक्स्ट्रा स्वतः चित्र बघायला यायचे होते. पसंत पडलं की चित्र हॉलंडला जाणार आणि चित्राबरोबर मी. माझा पासपोर्ट तयार होता. आईनं गल्लीत सांगून टाकलं होतं, आणि समोरच्या काकूंनी येताना चॉकलेटं आणायला सांगितली होती.

त्या चित्राची रोजची धूळ पुसायचा गुंडूमामा. गुंडू रावजी चितारी, संग्रहालयाचा शिपाई. संस्थानच्या काळात राजवाड्यात नोकरीला लागला आणि राजवाडा सरकारजमा झाला तेव्हा फर्निचरबरोबर सरकारकडे आला. उंच, सडसडीत, गांधी टोपी. पाहुण्यांच्या मागे चार पावलं अंतर ठेवून सदतीस वर्षं चालत होता. मागे एकदा एक गोरी बाई साहेबांना काही विचारत होती आणि साहेब तिला महाराजांची वंशावळ सांगत होते. गुंडूमामानं मुकाट्यानं तिला संडासाची वाट दाखवली.

त्या महिनाअखेरीला तो निवृत्त व्हायचा होता. त्याचं एकच मागणं होतं आणि ते तो दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला लेखी द्यायचा. 'दिवाणखान्यातील फुलांच्या चित्रावर आमचे तीर्थरूप कै. रावजी दाजी चितारी यांचे नाव लावणेबाबत.' असे सात अर्ज 'किरकोळ' नावाच्या फायलीत होते. साहेबांनी त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला होता. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर, स्टँडवरच्या बाकड्यांवर 'कै. अमक्याच्या स्मरणार्थ' असतं ना, तसं याला बापाचं नाव हवंय. साहेब म्हणायचे, आज चित्रावर लावू दिलं तर उद्या वाघावर मागतील. मीही हसले होते. विचारायला मात्र कुणी गेलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी सतराव्या शतकात गुंतले होते.

वाघाच्या दाताला फेविकॉल लागला त्याच दुपारी गुंडूमामा माझ्या टेबलापाशी आला. उद्या पाहुणा येणार, त्याच्याशी इंग्रजीत बोलणारी मीच, तेव्हा माझ्या कानावर एक गोष्ट घालायची आहे म्हणाला. मग मला दिवाणखान्यात घेऊन गेला आणि चित्रासमोर उभा राहिला.

"हे आमच्या दादांनी काढलंय, बाई."

मी विचारलं, काय काढलंय? मला वाटलं, भिंतीवरून काढलंय, कधीतरी पुसायला.

"चित्र. सगळं. बेचाळीसच्या पुढच्या साली. मी वीस वर्सांचा हुतो."

मग त्यानं सांगितलं ते असं. खरं डच चित्र इथं होतं हे बरोबर. पण त्या साली बदली होऊन जाणाऱ्या गोऱ्या रेसिडेंटाला ते आवडलं, आणि महाराजांनी ते त्याला देऊन टाकलं. भिंत रिकामी दिसू नये म्हणून आधी रावजी चिताऱ्याकडून हुबेहूब नक्कल करून घेतली. रावजी राजवाड्यातला पिढीजात रंगकाम करणारा. देवघराच्या भिंती, मेणे, गणपती, लग्नातले पाट, सगळं त्याच्याकडे. त्यानं चार महिने बसून ते चित्र उतरवलं. ट्यूलिप त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. पण पुढ्यात चित्र होतं आणि हात होता.

"मग पाकळ्या?" मी विचारलं.

"हुत्या की. तीन पाकळ्या हुत्या खाली, आन् एक गुलाब मान टाकल्याला. दादांनी सगळं तसंच काढलं. चित्र लागायचं हुतं हितंच, समोर तवा देवघर हुतं. इलायती चित्राला कोन काय बोललं नव्हतं, पर हे घरच्या मानसानं काढल्यालं. आक्कासाहेब रोज बघाय यायच्या." आक्कासाहेब म्हणजे महाराजांच्या विधवा आत्या. वाड्यातलं सोवळंओवळं त्यांच्या हातात. "चित्र झालं तशा म्हणाल्या, रावजी, देवासमोर निर्माल्य मांडून ठेवतोस व्हय? उचल ते. शिळी फुलं ठेवू नयेत घरात."

"आणि त्यांनी उचललं."

"हुकूम हुता. दादांनी गुलाब ताजा केला, पाकळ्यांवर दगडाचा रंग चढवला."

"आणि सावल्या?"

गुंडूमामानं माझ्याकडे पाहिलं. त्याला प्रश्नच कळला नाही, असं मला क्षणभर वाटलं.

"सावल्यांबद्दल हुकूम नव्हता, बाई."

अठरा पानं. तळटिपा धरून बावीस. माझ्या 'अनुपस्थित पाकळी'त मी मृत्यूपासून मौनापर्यंत सगळं आणलं होतं, फक्त आक्कासाहेब तेवढ्या राहिल्या होत्या.

मी म्हटलं, याला पुरावा काय? तो म्हणाला, हात लावा. चित्राला हात लावू नये ही पाटी मीच तिथे लावली होती. त्यानं माझं बोट धरलं नाही, नुसती जागा दाखवली. सावल्यांच्या जरा वर, सपाट दिसणाऱ्या फळीवर मी बोट फिरवलं. एक उंचवटा लागला. मग दुसरा, मग तिसरा. जाड रंगाच्या पाकळ्या आत जशाच्या तशा होत्या, वर दगड फासलेला. सदतीस वर्षं फडकं फिरवणाऱ्या हाताला ते ठाऊक होतं आणि सुवर्णपदकाला नव्हतं. चित्राची पाठ उलटून बघायचीही मला कधी गरज वाटली नव्हती. लांब राहून बघितलं की विद्वत्तेला बरं पडतं.

"उद्या त्या सायबाला एवढं सांगा," गुंडूमामा म्हणाला. "मी हाय तवर नाव लागू द्या. माझ्यामागं इचारणारं कोन न्हाई."

मी बघते म्हटलं. सरकारी नोकरीत बघते म्हणणाऱ्या माणसाचे डोळे बहुधा मिटलेले असतात. रात्रभर मी स्वतःला समजावलं. नाव लावायचं तर चित्र नक्कल ठरणार, नक्कल ठरली तर साहेब ते भिंतीवरून उतरवणार, म्हणजे चित्राच्या भल्यासाठीच गप्प बसायला हवं. गुंडूमामाच्या बापाचं काम निदान लोकांच्या डोळ्यांसमोर तरी राहील. इतका सुंदर युक्तिवाद मी त्या लेखातही केला नव्हता. त्यात पासपोर्ट कुठेच आला नव्हता, हे मला तेव्हाही दिसत होतं.

डॉ. होक्स्ट्रा दुसऱ्या दिवशी अकराला आले. ताडमाड, उन्हानं लालबुंद, साधी चप्पल घातलेले. साहेबांनी हार घातला, तुतारी वाजली, कन्याशाळेच्या मुलींनी स्वागतगीत म्हटलं. पाहुण्यांना वाघ, सुसर, जोडे आणि पगड्या याच क्रमानं दाखवण्यात आल्या. दात टिकला. मग एकदाचे आम्ही उत्तरेच्या भिंतीपाशी आलो, आणि तो माणूस जो गप्प झाला तो झालाच.

अर्धा तास तो चित्र न्याहाळत होता. जवळ गेला, लांब गेला, गुडघे टेकून खालून पाहिलं, खिशातलं भिंग काढलं. साहेबांनी मध्ये दोनदा शहाळं पुढे केलं. गुंडूमामा फडकं घेऊन चार पावलं मागे उभा होता, सकाळी टोपी नवी घालून आला होता. शेवटी होक्स्ट्रा उठले. त्यांची नजर त्या फडक्यावर गेली, आणि त्यांनी मला विचारलं, हे चित्र हाच माणूस सांभाळतो का? किती वर्षं? त्याला चित्राबद्दल काही ठाऊक आहे का, ते विचारा.

मी गुंडूमामाला मराठीत विचारलं. त्यानं टोपी सारखी केली. बाळंतिणीनं बाळ पुढे करावं तसा आवाज त्यानं जपून काढला.

"सदतीस वर्सं हाय मी हितं. आन् हे चित्र माझ्या वडलांनी काढलंय. रावजी दाजी चितारी. त्यांस्नी सांगा, बाई."

सगळे माझ्याकडे बघत होते. साहेब, मुली, तुतारीवाला. मी घसा साफ केला आणि होक्स्ट्रांना इंग्रजीत सांगितलं की हा सदतीस वर्षं इथे नोकरीला आहे, आणि याचे वडीलही याच राजवाड्यात कामाला होते, त्यामुळे या चित्राशी त्यांच्या घराण्याचा जिव्हाळा आहे.

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. पाटीवर लिहायचा मजकूर कसा निवडायचा याचं शिक्षण मी घेतलं होतं, ते कामी आलं. होक्स्ट्रांनी मान डोलावली आणि त्याचं नाव वहीत टिपून घेतलं. चितारी म्हणजे काय हे त्यांनी विचारलं नाही, तेवढं नशीब माझं.

गुंडूमामा माझ्याकडे बघत राहिला. मग वळला आणि स्वच्छ असलेली चौकट पुन्हा एकदा पुसायला लागला. मला वाटलं, बिचाऱ्याला वाटत असेल बाईंनी सांगितलं. तसं वाटून मला बरं वाटलं, हे सांगायला आजही लाज वाटते.

महिनाअखेरीला त्याचा निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ, प्लॅस्टिकच्या चौकटीतला गणपती. साहेब भाषणात म्हणाले, चितारी म्हणजे आमच्या संग्रहालयातली एक दुर्मिळ वस्तू. मी टाळ्या वाजवल्या. जाताना त्यानं सगळ्यांना नमस्कार केला, मलाही केला, आणि पुढच्या दसऱ्याला आठवा अर्ज द्यायला मी नसेन एवढंच म्हणाला.

दीड महिन्यानं हॉलंडचं पत्र आलं. फार सभ्य पत्र होतं. होक्स्ट्रांनी लिहिलं होतं की चित्र सतराव्या शतकातलं नाही, चाळीसएक वर्षांपूर्वीचं आहे. मूळ चित्र सध्या इंग्लंडमध्ये एका खाजगी घरात आहे, त्यांनी ते जाऊन पाहिलं, त्यात फळीवर तीन पाकळ्या आहेत आणि एक गुलाब वाळलेला आहे. नश्वरतेच्या त्या परंपरेतून नश्वरताच वजा करणारा चित्रकार आपल्याला आजवर दुसरा भेटलेला नाही. त्याचा हात मूळ चित्रकाराच्या तोडीचा आहे. चित्र प्रदर्शनात घेता येणार नाही, परंतु आपण त्यावर लिहिणार आहोत, तरी कृपया चित्रकाराचं नाव कळवावं. शेवटी माझ्या लेखाबद्दल एक ओळ होती. लेख 'कल्पक' आहे म्हणून. विद्वान लोक शिवी देताना असंच सोवळं नेसतात.

साहेबांना पत्रातलं एकच वाक्य समजलं, सतराव्या शतकातलं नाही. "म्हणजे बदनामी," ते म्हणाले. अर्ध्या तासात चित्र भिंतीवरून उतरलं आणि मागच्या कोठीत, नुकत्याच बाद झालेल्या सुसरीशेजारी गेलं. जागा रिकामी दिसू नये म्हणून तिथे पालकमंत्र्यांचा फोटो लागला. चाळीस वर्षांत राजवाड्याची पद्धत बदललेली नव्हती, फक्त रावजीसारखा चित्रकार हाताशी नव्हता. मग साहेबांनी मला उत्तर सांगितलं, 'चित्रकाराचे नाव अज्ञात असून कार्यालयीन दप्तरी उपलब्ध नाही.' मी ते इंग्रजीत टाइप केलं. हो, केलं. पाकिटात घातलं, वर पत्ता लिहिला.

पाकीट टपालाच्या ट्रेमध्ये पडलेलं असतानाच, दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडूमामा पेन्शनच्या कागदांवर सही करायला आला. सही झाल्यावर सवयीनं दिवाणखान्यात गेला. मी पाठोपाठ गेले. तो पालकमंत्र्यांसमोर उभा होता.

"कुठं नेलं?"

मी त्याला कोठीत घेऊन गेले. चित्र जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, त्यावर सुसरीतला पेंढा गळला होता. गुंडूमामा उकिडवा बसला, खिशातला रुमाल काढून त्यानं एकेक काडी उचलली, मग फुलं पुसली, मग फळी. त्या तीन ठिकाणी बोट जरा थांबलं.

मला राहवलं नाही. मी त्याच्याशेजारी खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं, हॉलंडचं पत्र, साहेबांचं उत्तर. "चुकलं माझं, मामा," मी म्हटलं. "त्या दिवशी मी त्यांना तुमच्या वडलांचं सांगितलं नाही. मला हॉलंडला जायचं होतं." नाक पुसायला माझ्याकडे रुमाल नव्हता आणि त्याच्याकडच्याला पेंढा लागला होता.

त्यानं रुमाल झटकला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "हितं तर हितं. नावाची चिठ्ठी तेवढी लावा."

मी वरून पाटीचा कोरा पुठ्ठा, बारीक ब्रश आणि काळा रंग आणला. सुवर्णपदकाचं अक्षर चांगलं होतं, तेवढं खरं. मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहिलं, 'पुष्पपात्र. चित्रकार रावजी दाजी चितारी, तळेगिरी, १९४३.' आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं पुठ्ठा उजेडाकडे धरला, ओठ हलवत पहिल्या अक्षरापासून शेवटच्या आकड्यापर्यंत वाचलं. ओल्या रंगाला बोट लागणार नाही अशा बेतानं पुन्हा माझ्यापुढे ठेवला.

"खाली जागा हाय," तो म्हणाला. "इंग्रजीत बी लिवा, बाई. त्या दिवशी तेवढं ऱ्हायलं."

मी ब्रश रंगात बुडवला. माझी मान वर होईना. त्यानं पुठ्ठा हलू नये म्हणून कडेनं धरून ठेवला आणि मी इंग्रजीत त्याच्या बापाचं नाव लिहिलं. मग वर गेले, ट्रेमधलं पाकीट फाडलं, आणि होक्स्ट्रांना दुसरं पत्र टाइप केलं. त्यात नाव होतं, साल होतं, निर्माल्याची हकीगत होती, आणि गुंडूमामानं त्यांना सांगायला सांगितलेलं वाक्य होतं, जसंच्या तसं.